पावसानं धरलेली पापडी किती पाणी अडवते, हे मोजायचं कसं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. भांडुप-मुलुंडच्या खाडीकडच्या बाजूला, जुन्या मिठागरांना लागून असलेल्या एका मोकळ्या भूखंडावर एम.टेक.चा प्रकल्प चालू आहे. माती चिकण. मेअखेरीला दुहेरी रिंग (एकात एक अशा दोन धातूच्या कड्या) जमिनीत ठोकून, त्यांत पाणी भरून ते मुरण्याचा वेग मोजला. जूनमधले दोन-तीन मोठे पाऊस पडून गेल्यावर त्याच ठिकाणी पुन्हा मोजला, तर तो जवळपास दहाव्या हिश्शावर आलेला. मातीवर पातळ, चकचकीत पापडी धरलेली उघड दिसते. गाईड म्हणतात, ‘पापडीमुळे मुरण ९० टक्क्यांनी घटली असं लिहून टाक.’ तर लिहावं का?

लिहू नका. पापडी खरी आहे आणि घटही खरी आहे, पण त्यांचं नातं या मोजणीतून सिद्ध होत नाही. मे आणि जून यांच्या मध्ये तुमच्या जमिनीत निदान तीन गोष्टी बदलल्या. कोरडी माती ओली झाली, भेगा मिटल्या आणि वर पापडी धरली. तिन्हींचा परिणाम एकाच दिशेनं होतो, मुरण कमी करण्याच्या. तुम्ही तिघांचं बिल एकाच्या नावावर फाडताय.

आधी मेचं रीडिंग बघू. उन्हाळ्यात तडकलेल्या चिकण जमिनीत पाणी ओतलं की ते भेगांत गडप होतं. बाहेरची रिंग आडवं पसरणारं पाणी आवरण्यासाठी असते, पण भेग दोन्ही रिंगांच्या खालून आरपार गेली असेल तर तिचा काही उपयोग नाही. भेगा सोडल्या तरी कोरडी चिकण माती पहिल्या तासात स्वतःच पाणी जोरात ओढते. फुगणाऱ्या खनिजांची, म्हणजे मॉन्टमोरिलोनाइट गटातली माती एकदा पुरती फुगली की पापडी नसतानाही तिच्यात तासाला मिलिमीटरभर किंवा त्याहून कमी पाणी मुरतं. म्हणजे तुमचं गुणोत्तर मुख्यतः मे किती कडक होता यावर ठरलं. मे आणखी तापला असता तर पापडी आणखी ‘परिणामकारक’ निघाली असती!

जूनच्या रीडिंगलाही एक खोट आहे. रिंग ठोकताना पापडी तडकते. ती काठाशी, नेमकी रिंगच्या कडेला फुटते आणि तिथून पाणी खाली उतरतं. शिवाय रिंगमध्ये पाणी हळूच ओतलं जातं. त्यात थेंबांचा मारा नसतो आणि वर पाच-दहा सेंमी पाण्याचा दाब असतो. थोडक्यात, एका आकड्यात पापडी वाढवून आलीय आणि दुसऱ्यात कमी करून. दोन चुका एकमेकींना खोडतील अशी आशा धरायला जागा नाही.

आता एक मूलभूत शंका. चिकण मातीत पापडी हा मुख्य संशयित आहे का, हेच आधी तपासायला हवं. पापडीला सर्वांत लवकर बळी पडते ती मध्यम पोताची माती. बेन-हुर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इस्रायलमध्ये १९८५ साली दाखवलं, की साधारण २० टक्के चिकणकण असलेल्या मातीत मुरण सर्वांत जास्त घटते. त्याहून चिकण वाढत गेली की कण एकमेकांना घट्ट धरतात आणि ढेकळं थेंबांना दाद देत नाहीत. विदर्भ-मराठवाड्यातली चांगली काळी जमीन तर ओली-सुकी होता होता वरचा थर आपोआप भुसभुशीत करून घेते. कोकणातली जांभ्याची लाल माती लोहाच्या संयुगांनी बांधलेली असते, तीही सहसा टिकते. त्यामुळे ‘चिकण आहे म्हणजे पापडी जास्त’ हे गृहीत धरू नका.

पण तुमचा भूखंड मिठागराशेजारचा आहे, आणि तिथे गणित बदलतं. खाडीच्या मातीत सोडियम चिकणकणांना चिकटून बसलेलं असतं. पाण्यात मीठ भरपूर आहे तोवर कण एकमेकांना धरून राहतात, म्हणून मेमध्ये ही माती ठीकठाक दिसते. जूनचा पाऊस वरचं मीठ धुऊन खाली नेतो, सोडियम मात्र कणांवर तसंच राहतं. पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतातच. कण सुटे होतात, पाणी दुधाळ होतं आणि तेच सुटे कण वरची छिद्रं बुजवतात. आगासी, शाइनबर्ग आणि मोरिन यांनी १९८१ मध्ये हीच गोष्ट मांडली: पापडी नुसती थेंबांच्या हातोड्यानं धरत नाही, पाण्यातले क्षार आणि मातीवरचं सोडियमही ती ठरवतात, आणि सोडियमचं प्रमाण थोडं असलं तरी पृष्ठभागावर त्याचा परिणाम जाणवतो. रायगड-ठाण्याकडच्या खारलँडवर, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या शेतजमिनींवर, काम करणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. खारी जमीन धुता धुता चोपण (सोडियममुळे घट्ट, पाणी न मुरणारी) होते, हे तिथे जुनं दुखणं आहे.

म्हणून रिंगला हात लावण्याआधी ग्लासची चाचणी करा. काचेच्या ग्लासात डिस्टिल्ड पाणी घ्या, हरभऱ्याएवढं कोरडं ढेकूळ अलगद सोडा आणि ढवळू नका. दोन तासांनी बघा, मग २० तासांनी पुन्हा बघा. ढेकूळ नुसतं ढासळून तळाशी रास झाली आणि पाणी स्वच्छ राहिलं, तर कण सुटे होत नाहीत, माती फक्त ढासळून बसते. ढेकळाभोवती धुरासारखं वलय पसरलं तर सोडियम बोलतंय. ऑस्ट्रेलियाच्या इमर्सन यांनी १९६७ मध्ये ही पद्धत नीट बांधून दिली. खर्च शून्य, आणि पुढचे दोन महिने कुठल्या दिशेनं जायचं ते ती सांगते. वेगवेगळ्या कोपऱ्यांतली ढेकळं घ्या. अशा भूखंडांवर भरावाचा मुरूम, बांधकामाचा राडारोडा आणि मूळची खाडीची माती पावलापावलावर बदलते.

पापडी डोळ्यांखालून घालायचं कामही मोजणीइतकंच महत्त्वाचं. पाऊस उघडून दोन-तीन दिवस ऊन पडलं की जमीन वापशावर येते. त्या वेळी चाकूच्या टोकानं एक तुकडा उचकटा. कापू नका, उचकटा, कारण ओल्या चिकण मातीवर पातं फिरवलं की तेच पातं छिद्रं लिंपून नवी पापडी तयार करतं. तुकडा आडवा धरून दहापट भिंगाखाली बघा. वर केसाएवढी जाड, तुकतुकीत कातडी दिसते, तिच्याखाली टाचणीच्या टोकाएवढी गोल पोकळ बुडबुड्यांची रांग. ती अडकून पडलेली हवा. त्याखाली मातीची मूळची दाणेदार ठेवण सुरू होते. हे उंचवट्यावरच्या तुकड्याचं वर्णन झालं. खळग्यातला तुकडा घेतलात तर चित्र वेगळं: वाहून आलेल्या गाळाचे एकावर एक थर, जाडी जास्त, वाळल्यावर कडा वर वळलेल्या. पहिली पापडी जागच्या जागी थेंबांनी घडवलेली, दुसरी गाळ साचून झालेली. दोन्हींचा पाण्याला अडथळा वेगळा असतो, त्यामुळे नोंदवहीत प्रत्येक रीडिंगपुढे ‘उंचवटा’ की ‘खळगा’ हे लिहायलाच हवं. ते नसेल तर नंतर आकड्यांतली तफावत कुणाला उलगडणार नाही.

एवढीशी कातडी काय करणार, असं वाटतं. मॅकइंटायर यांनी १९५८ मध्ये तिचं मोजमाप केलं. सुमारे ०.१ मिमीची वरची कातडी खालच्या मातीपेक्षा २,००० पट कमी पाणी सोडत होती, आणि तिच्याखालचा बारीक कण झिरपून बसलेला १.५ ते ३ मिमीचा थर २०० पट कमी. हे आकडे त्यांच्या मातीचे आहेत, तुमच्या प्रबंधात उसने घेऊ नका. पण इतक्या पातळ थराची जलवाहकता (पाणी सोडण्याची क्षमता) आणि जाडी वेगवेगळी मोजण्याचा हट्ट का सोडायचा, हे त्यावरून कळतं. जाडी ०.१ की ०.२ मिमी यावरच निम्मं उत्तर बदलेल.

आता खऱ्या मुद्द्याकडे. पापडी पाणी अडवते की खालची फुगलेली माती, हे वरून पाण्याचा वेग बघून कधीच कळत नाही. टाकीच्या नळीवर एकामागे एक दोन चाव्या असाव्यात आणि पाणी कमी येत असावं, तशी ही अवस्था. कुठली चावी आवळली आहे हे शोधायचं तर दोन्हींच्या मधल्या जागेतला दाब बघावा लागतो. जमिनीत ही मधली जागा म्हणजे पापडीच्या खालचे दोन-तीन सेंमी, आणि दाब बघायचं साधन म्हणजे टेन्शिओमीटर.

वर पाणी साचलंय आणि खाली दोन सेंमीवरचा टेन्शिओमीटर अजून ओढ दाखवतोय, म्हणजे तिथली माती अजून पाणी मागतेय, तर आवळलेली चावी पापडीची. तोच टेन्शिओमीटर शून्यावर आला किंवा उलट दाब दाखवायला लागला, तर पापडीतून हवं तेवढं पाणी येतंय आणि अडथळा खाली आहे. मग पापडी कितीही चकचकीत दिसो, त्या क्षणी ती आरोपी नाही. तुमच्या प्रकल्पात एकच उपकरण वाढवायचं असेल तर हेच वाढवा.

टेन्शिओमीटर असला की आकडाही काढता येतो. हिलेल आणि गार्डनर यांनी १९६९ मध्ये पापडी धरलेल्या जमिनीतल्या स्थिर मुरणीचं गणित मांडलं, आणि ते दिसतं त्यापेक्षा सोपं आहे. उदाहरणादाखल आकडे घेऊ. समजा वर १ सेंमी पाणी आहे, पापडीची जाडी अर्धा सेंमी, आणि तिच्या बुडाशी ओढ १० सेंमी (ओढही पाण्याच्या उंचीतच मोजतात). पापडीच्या वरपासून खालपर्यंत पाण्याला मिळणारा एकूण रेटा ११.५ सेंमी, म्हणजे ११५ मिमी. मुरण्याचा स्थिर वेग ताशी ४.६ मिमी आला. ११५ ला ४.६ ने भागा, उत्तर २५ तास. हा पापडीचा अडथळा, आणि त्याचं एकक वेळ आहे. गंमत अशी, की या भागाकारात जाडीचा वाटा नगण्य आहे. जाडी अर्ध्या सेंमीऐवजी एक मिलिमीटर धरलीत तरी उत्तर २४ तास येतं. म्हणजे जी गोष्ट मोजताच येत नाही तिच्यावाचून काम भागतं.

आणि टेन्शिओमीटर नसता तर? मग बहुतेक जण करतात तसं, मुरण्याचा वेग म्हणजेच जलवाहकता धरून पापडीची जलवाहकता ताशी ४.६ मिमी लिहिली गेली असती. प्रत्यक्षात अर्ध्या सेंमीच्या पापडीला ११.५ सेंमीचा रेटा मिळत होता, म्हणजे २३ पट. तिची खरी जलवाहकता ताशी ०.२ मिमी. नुसत्या रिंगवर काढलेली पापडीची जलवाहकता मी म्हणूनच गंभीरपणे घेत नाही.

या १० सेंमी ओढीचा आणखी एक अर्थ आहे. इतक्या ओढीला ०.३ मिमीहून रुंद छिद्रं पाणी धरू शकत नाहीत, ती रिकामीच राहतात. मुळांच्या जुन्या वाटा, गांडुळांची बिळं आणि ढेकळांमधल्या फटी जागेवर असतात, पण पाणी त्यांच्यात उतरत नाही. पापडी पाणी थेट अडवतेच, वर खालच्या मातीचे हमरस्तेही बंद पाडते. खालची माती पोकळ असली तरी पाऊस वाहून का जातो, याचं उत्तर इथे आहे.

मांडणी कशी करायची ते सांगतो. भूखंडावर साधारण एकसारख्या जागा निवडा आणि प्रत्येक जागी तीन तुकडे आखा, प्रत्येकी एक मीटर बाय एक मीटर. पहिला उघडा. दुसऱ्यावर मच्छरदाणीची जाळी, दोन पदरी, जमिनीपासून १० सेंमीवर ताणलेली. तिसरा उघडाच, पण त्यावर बारीक दळलेलं जिप्सम भुरभुरलेलं. पाऊस तिघांवर सारखाच पडेल. तिघेही सारखेच भिजतील, फुगतील आणि त्यांच्या भेगा सारख्याच मिटतील. फरक उरेल तो पापडीचा. उघडा आणि जाळीचा यांतला फरक थेंबांच्या माऱ्याचा. उघडा आणि जिप्समचा यांतला फरक कण सुटे होण्याचा, कारण जिप्सम पावसाच्या पाण्यात थोडे क्षार सोडत राहतं. तुमच्या मातीत हा तिसरा तुकडाच सर्वांत बोलका ठरेल असा माझा अंदाज आहे.

जाळी १० सेंमीवरच का? मोठ्या सरीतले थेंब सेकंदाला ६.५ ते ९ मीटर वेगानं येतात. जाळीवर ते फुटतात आणि उरलेले १० सेंमी पडताना जेमतेम सेकंदाला १.४ मीटर वेग घेतात. ऊर्जा वेगाच्या वर्गानं बदलते, त्यामुळे माऱ्यातला चार-पाच टक्क्यांहून कमी भाग जमिनीपर्यंत पोचतो. जाळी मीटरभर उंच बांधलीत तर थेंब पुन्हा वेग पकडतात आणि तुलना वाया जाते. दोन पथ्यं: जाळी अधूनमधून बोटभर सरकवा, नाहीतर एकाच दोऱ्यावरून ठिबकणारं पाणी खाली खड्डा पाडतं. आणि नैर्ऋत्येकडच्या बाजूला जाळीची झालर सोडा. मुंबईत जूनचा पाऊस सरळ पडत नाही, आडवा झोडपतो.

या मांडणीत एक पळवाट राहते, ती आधीच सांगून ठेवतो. कोरडं ढेकूळ अचानक भिजलं की आत अडकलेली हवा त्याला फोडते, थेंबाचा मारा असो वा नसो. म्हणजे जाळीखालीही थोडी पापडी धरणारच, आणि तुमचा फरक एकूण पापडीपेक्षा कमी येईल. शक्य असेल तर उघडा-जाळी अशा एखाद्या जोडीला पावसाआधी बारीक फवाऱ्यानं अगदी सावकाश भिजवून घ्या आणि तिची नोंद वेगळी ठेवा. ले बिसोने यांनी १९९६ मध्ये मातीच्या ढेकळांची ताकद तपासताना जलद भिजवणं, सावकाश भिजवणं आणि यांत्रिक मार हे तीन प्रकार वेगळे ठेवले, ते याच कारणासाठी.

मोसमाच्या मध्यावर एक सोपा, पण फार प्रभावी प्रयोग जमतो. जाळीच्या काही तुकड्यांवरची जाळी काढून टाका आणि पुढच्या सरीत काय होतं ते बघा. ड्यूली यांनी अमेरिकेत १९३९ मध्ये पेंढ्याचं आच्छादन काढून हेच दाखवलं होतं: आच्छादन होतं तोवर पाणी मुरत राहिलं, काढल्यावर झपाट्यानं घसरलं. तोच तुकडा आधी जाळीसह आणि नंतर जाळीविना मोजला की ‘दोन तुकड्यांची मातीच वेगळी असेल’ हा परीक्षकांचा हुकमी आक्षेप उरत नाही.

मुरण मोजायला रिंगपेक्षा पाऊस वजा वाहून गेलेलं पाणी ही पद्धत चांगली. तुकड्याच्या उताराकडच्या कडेला पत्र्याची पन्हळ लावा, पाणी झाकलेल्या डब्यात घ्या. पावसाचा आकडा भूखंडावरच्या पर्जन्यमापकाचाच हवा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी आणि कुलाब्याला ७४ मिमीच्या आसपास पाऊस झाला, हे विसरून वेधशाळेचा आकडा भांडुपला लावणारे प्रबंध अजूनही निघतात.

रिंग लावायचीच असेल तर ठोकू नका. पापडीवर नुसती टेकवा आणि बाहेरून शाडूच्या लगद्यानं सांधा बंद करा. गणपतीच्या आधी दोन महिने मुंबईत शाडू कुठेही मिळतो आणि या कामाला तो उत्तम. लगदा आत सरकू देऊ नका. आतलं पाणी सेंटिमीटरभरच ठेवा, आणि ते ओतताना खाली कापडाचा तुकडा धरा.

कृत्रिम पाऊस पाडायचा विचार असेल तर दोन गोष्टींवर काम बिघडतं. पहिली उंची. झारीनं मीटरभर वरून सोडलेला थेंब सेकंदाला साडेचार मीटरच्या आतच राहतो, म्हणजे मोठ्या सरीच्या थेंबाच्या जेमतेम तिसरा हिस्सा ऊर्जा. मोठ्या थेंबाला पूर्ण वेगाजवळ पोचायला आठेक मीटर मोकळी पडझड लागते. कॉलेजच्या जिन्याच्या चौकात ती मिळू शकते, तिथे मातीचा ट्रे खाली ठेवून काम होतं. नाहीतर दाबाचे नोझल वापरावे लागतील. दुसरी गोष्ट पाणी. खाडीकडच्या बोअरचं पाणी खारं असतं, ते वापरलंत तर कण सुटे होणारच नाहीत आणि पापडी खोटी बारीक दिसेल. पालिकेचं नळाचं पाणी तलावांचं, तुलनेनं मऊ, तरी पावसाहून क्षारयुक्तच. डिस्टिल्ड पाणी किंवा साठवलेलं पावसाचं पाणी घ्या, पण गच्चीवरून गोळा केलेलं नको. स्लॅबच्या सिमेंटमधला चुना त्यात उतरतो. ताडपत्रीवरून थेट पिंपात घ्या.

डिस्क इन्फिल्ट्रोमीटरबद्दल बरेच जण विचारतात. मातीवर टेकवलेल्या सच्छिद्र चकतीतून, किंचित ओढीखाली पाणी सोडणारं हे साधन चांगलं आहे. २ सेंमी ओढीवर चालवलं की १.५ मिमीहून रुंद फटी खेळाबाहेर जातात, त्यामुळे भेगांचा गोंधळ टळतो. पापडीवर एक रीडिंग, मग वापशावर पापडी उचकटून खालच्या मातीवर दुसरं. पण हा आकडा निव्वळ पापडीच्या अंगाचा असतो, तडकलेल्या पापडीसकट अख्ख्या जमिनीचा नाही. पन्हळीच्या आकड्याशी तो जुळला नाही तर घाबरू नका, दोघं वेगळी गोष्ट मोजतात. प्रबंधात मात्र दोन्ही एकाच स्तंभात घालू नका.

वेग ताशी एक-दोन मिमीवर आला की किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी किरकोळ राहत नाहीत. दिवसाला पाच-सहा मिमी बाष्पीभवन म्हणजे तासाला सरासरी पाव मिमी, आणि उन्हात त्याहून जास्त. तुमच्या रीडिंगचा चौथा हिस्सा हवेत जाऊ शकतो, म्हणून रिंग झाकून ठेवा. रिंगमधली पाण्याची पातळी कायम राखणाऱ्या मॅरिओट बाटलीवर ऊन पडलं की आतली हवा प्रसरण पावते आणि बाटली उगाच पाणी सोडते, तिच्यावर छत्री धरा. पाण्याचं तापमान २५ वरून ३५ अंशांवर गेलं की ते सुमारे २० टक्के पातळ होतं आणि त्या प्रमाणात जास्त मुरतं. सकाळचं जाळीचं आणि दुपारचं उघड्याचं अशी तुलना करू नका.

वेळेचं भान ठेवा. मुंबईत पापडी मोजायचा हंगाम म्हणजे जूनचे पहिले आठवडे आणि मग सप्टेंबर-ऑक्टोबरमधल्या उघडझापीचा काळ. जुलैच्या मध्यावर खाडीकाठी भूजल इतकं वर येतं की टेन्शिओमीटर शून्यावरच बसून राहतो. जमीन तुडुंब भरलेली असताना पापडीला करण्यासारखं काही उरत नाही. या काळातले आकडे टाकून देऊ नका, पण पापडीच्या हिशोबात धरू नका. आणखी एक: ओल्यापणी धरलेला थर आणि वाळून तडकलेला थर वेगवेगळे वागतात. उघडीप झाली की पापडी तडकते, पुढच्या सरीचं पहिलं पाणी त्या तड्यांतून आत जातं, मग तडे पुन्हा सांधतात. म्हणून प्रत्येक सरीच्या आधी किती दिवस कोरडे गेले हे लिहा.

निकाल मांडताना आडव्या अक्षावर तास टाकू नका, साचत गेलेला पाऊस किंवा त्याहून बरं, त्याची ऊर्जा टाका. मोरिन आणि बेन्यामिनी यांनी १९७७ मध्ये मुरण घटण्याचं सूत्र पडून गेलेल्या पावसाला बांधलं ते याचसाठी. पावसाची ऊर्जा काढायच्या विशमायर-स्मिथ यांच्या सूत्रानं बघा: ताशी ५० मिमी वेगानं एका तासात पडलेला ५० मिमी पाऊस दर चौरस मीटरला सुमारे १,३३५ ज्यूल ऊर्जा आणतो. तेवढाच पाऊस ताशी ५ मिमीच्या रिपरिपीनं दहा तासांत पडला तर ९०० ज्यूल. पर्जन्यमापकावर आकडा तोच, पण मारा दोन तृतीयांश. सूत्र अमेरिकेतल्या पावसावर बेतलेलं आहे, तेव्हा तुकड्यांची आपसांत तुलना करायला ते पुरेसं, नेमक्या ज्यूलवर भर देऊ नका. आणि सरासरी भूमितीय घ्या. मुरण्याचे आकडे एका बाजूला लांब शेपूट असलेले असतात, एखादं उंदराचं बीळ साधी सरासरी फुगवून ठेवतं. जोड्यांतलं गुणोत्तर काढा, मग गुणोत्तरांची सरासरी. आठ-दहा जोड्या नसतील तर टक्क्यांच्या भाषेत बोलू नका.

हे सगळं पावसाळी नाल्यांच्या रचनेला उपयोगी पडेल असं तुम्ही प्रस्तावनेत लिहायच्या बेतात असाल तर जरा थांबा. मुंबईच्या पावसाळी नाल्यांच्या ब्रिमस्टोवॅड आराखड्यानं ताशी ५० मिमी पाऊस आणि वाहून जाण्याचा गुणांक १ धरलाय, म्हणजे मुरण शून्यच मानलीय. त्याआधीची व्यवस्था ताशी २५ मिमी आणि अर्धा गुणांक धरून होती. नाल्याच्या इंजिनिअरला तुमच्या पापडीशी देणंघेणं नाही. ज्यांना आहे ते वेगळे: उद्यानांत पाझरचर खणणारे, मोकळ्या भूखंडावर हिरवळ धरू बघणारे आणि खारलँडवर भात सोडून दुसरं काही पेरायला निघालेले शेतकरी, ज्यांचं बी पापडीखालीच कुजतं. त्यांना ताशी किती मिमी हे हवंच, पण जिप्समनं फरक पडतो की आच्छादनानं, हे आधी हवं. तुमचे तीन तुकडे नेमकं तेवढंच सांगतात.

या वर्षीचा जून गेला, तर सप्टेंबरची तयारी आत्ताच करा. टेन्शिओमीटरचे सिरॅमिक कप तुकड्याच्या बाहेरून तिरके घाला, टोक पापडीखाली दोन-अडीच सेंमीवर येईल असे, म्हणजे नळीच्या कडेनं पाणी खाली उतरणार नाही. माती चांगली ओली असताना बसवा, कोरड्यात चिकण मातीची ओढ त्यांच्या आवाक्याबाहेर जाते आणि आत हवा शिरते. पुढच्या मेमध्ये पुन्हा सुरुवात करायची झाली तर कप आधी बसवून ठेवा, पण पाणी पहिल्या सरीनंतर भरा, उकळून गार केलेलं. आणि समजा मोसमभर मोजून कळलं की ओढ कधी उरतच नव्हती, पापडी होती पण पाणी खालची फुगलेली मातीच अडवत होती, तर तेच लिहा. गाईडना टेन्शिओमीटरचा आलेख दाखवा, ९० टक्क्यांचा वाद तिथेच मिटेल.